डेटम कुठे धरायचा? चाळिशीनंतर दात सरळ करून घेताना

दात सरळ करून घ्यायचे मी चाळिशी उलटल्यावर ठरवले आणि त्यामागे दिसण्याचा विचार फारसा नव्हता. खालच्या पुढच्या दातांची दाटी इतकी होती की ब्रश काय किंवा धागा काय, तिथे पोचतच नसे. कीटण साचत असे आणि हिरड्यांतून रक्त येत असे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी अखेर सांगितले, की हाड झिजू लागले आहे आणि ही दाटी कमी झाली नाही तर दात कितीही वेळा साफ केले तरी पुन्हा तेच होणार. त्यांनी मला आधी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवले, कारण सुजलेल्या हिरड्यांत दात हलवायला घेतले तर हाडाची झीज आणखी वाढते. सूज आटोक्यात आल्यावरच मी कॉलेज रोडवरील ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ, मॅडमकडे गेले.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. त्यामुळे पहिल्याच भेटीत मॅडम म्हणाल्या, की आमच्याकडे आता स्कॅनपासून नियोजनापर्यंत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एआय आले आहे, तेव्हा माझ्या मनात उभे राहिलेले प्रश्न कारखान्यातलेच होते. हे यंत्र नेमके काय मोजते, कशाच्या संदर्भाने मोजते (आमच्या भाषेत, त्याचा डेटम कोणता), आणि मोजताना चुकले तर ते कोणाच्या लक्षात येते? संपूर्ण उपचारभर मी हे प्रश्न विचारत राहिले आणि मॅडमनी कंटाळा न करता उत्तरे दिली. पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे त्या उत्तरांमुळे लिहिता येते आहे.

सुरुवात स्कॅनने झाली. माझ्या मोठ्या बहिणीला शाळेत असताना तारा लावल्या होत्या, तेव्हा माप घेण्यासाठी धातूच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो तोंडात दाबून धरत आणि तो घट्ट होईपर्यंत तिला उमासे येत असत. आता जाडसर पेनासारखा एक कॅमेरा दातांवरून फिरवतात. तो भराभर हजारो प्रतिमा टिपतो, संगणक त्या एकमेकींना जोडतो आणि पडद्यावर जबड्याचा त्रिमितीय पृष्ठभाग उमटत जातो. मध्येच जीभ, गाल किंवा डॉक्टरांचे हातमोज्यातले बोट आले, तर तो भाग कोणता हे ओळखून प्रोग्राम तो आपणहून कापून टाकतो. ही काटछाट पूर्वी कोणाला तरी माउस घेऊन करावी लागे. तयार होणारी फाइल एसटीएल स्वरूपाची असते, म्हणजे लहान लहान त्रिकोणांनी बनलेला पृष्ठभाग. आमच्या डिझाइन विभागाकडून रोज येते तीच जात.

त्यापुढचे काम मला अधिक महत्त्वाचे वाटले. स्कॅनमध्ये सगळे दात आणि हिरड्या मिळून एकच अखंड पृष्ठभाग असतो. प्रत्येक दात स्वतंत्रपणे हलवून पाहायचा असेल, तर आधी तो शेजाऱ्यांपासून आणि हिरडीपासून वेगळा काढावा लागतो आणि त्याला क्रमांक द्यावा लागतो. आपल्याकडचे डॉक्टर दोन अंकी पद्धत वापरतात: पहिला अंक तोंडाचा चतुर्थांश दाखवतो आणि दुसरा मध्यरेषेपासून तो दात कितवा हे सांगतो. म्हणून खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ ३६, तिच्यामागची ३७. माझी ३६ क्रमांकाची दाढ कॉलेजात असताना किडल्यामुळे काढून टाकली होती आणि वर्षानुवर्षांत मागची दाढ पुढे सरकून ती जागा तिने बरीचशी व्यापली होती. प्रोग्रामने काही क्षणांत सगळे दात सुटे केले, त्यांच्या कडा मला एक खोट काढता येणार नाही इतक्या स्वच्छ आखल्या आणि ३७ ला बिनदिक्कत ३६ म्हटले. माप अचूक होते, नाव चुकले होते. मॅडमनी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, शेजारच्या पडद्यावर उघडला, दाढेच्या मुळांचा आकार पाहिला आणि क्रमांक बदलला.

नावाने काय फरक पडतो, असे मला वाटले होते. पडतो. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचा मेळ तपासण्यासाठी बोल्टन यांनी १९५८ मध्ये मांडलेले गुणोत्तर अजून वापरात आहे. त्यात एका बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत बारा खालच्या दातांच्या रुंदीची बेरीज बारा वरच्या दातांच्या बेरजेशी ताडतात आणि ती सुमारे ९१.३ टक्के असावी असे धरतात. माझ्या बाबतीत एक दात नाहीच आणि त्याच्या जागी दुसऱ्याची रुंदी मिळवली गेली, तर येणारी टक्केवारी दशांशापर्यंत नेटकी दिसेल, पण तिला काही अर्थ उरणार नाही. शिवाय कोणती दाढ किती जोर सोसेल याचा हिशेब तिच्या मुळांवर ठरतो आणि मुळांचा अंदाज प्रोग्राम क्रमांकावरूनच करतो.

त्यानंतर चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला. डॉक्टर त्याला सेफ म्हणतात. डोके हलू नये म्हणून दोन्ही कानांत प्लास्टिकच्या कांड्या बसवून हा एक्स-रे काढायची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी वेगवेगळी पुढे आणली. मॅडमनी एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातले पदव्युत्तर शिक्षण, केले तेव्हा फिल्मवर पातळ अर्धपारदर्शक कागद ठेवून, खालून दिवा लावून, टोकदार पेन्सिलीने हाडांच्या कडा गिरवाव्या लागत आणि मग कोनमापकाने कोन काढावे लागत; एका रुग्णाच्या ट्रेसिंगमध्ये संध्याकाळ जाई, असे त्या म्हणाल्या. आता प्रोग्रामने मी खुर्चीवर नीट टेकायच्या आत सगळे बिंदू लावले आणि कोनांचा तक्ता शेजारी मांडला.

पण मॅडम तक्त्याकडे न पाहता बिंदूंकडे पाहत होत्या. एक एक बिंदू मोठा करून त्यांनी तपासला आणि काही सरकवले. कानाच्या छिद्रावरचा बिंदू कांडीच्या सावलीत दडलेला असतो आणि खालच्या जबड्याच्या कोपऱ्यावरचा बिंदू तर गोल वळणावर असतो, तिथे ‘हाच तो बिंदू’ म्हणून बोट ठेवायला टोकच नसते; या जागी माणसेही आपापसांत एकमत होत नाहीत. माझ्या लक्षात राहिला तो वरच्या जबड्याच्या पुढच्या वळणातला सर्वांत खोल बिंदू, ज्याला ए म्हणतात. तो त्यांनी जेमतेम दिसेल इतका मागे घेतला आणि तक्त्यातला एक कोन चारच्या वरून तीनच्या आत आला.

इथे मला टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालते ते, विचारल्याशिवाय राहवले नाही. वैद्यकीय प्रतिमांवरील आयएसबीआय परिषदेच्या निमित्ताने २०१४ आणि २०१५ मध्ये सेफवरचे १९ बिंदू संगणकाने शोधून दाखवण्याच्या स्पर्धा झाल्या होत्या आणि तज्ज्ञाने ठरवलेल्या जागेपासून २ मिलिमीटरच्या आत पडलेला बिंदू तिथे बरोबर धरला गेला. या क्षेत्रात हीच मर्यादा रूढ आहे. ज्या खात्यात २० मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागावरून, वाद होतात तिथून आलेल्या मला २ मिलिमीटर ऐकून धक्का बसला. घरी येऊन मी साधा हिशेब केला. नाकाच्या मुळाशी असलेला बिंदू आणि ए बिंदू यांच्यातले अंतर साठ मिलिमीटर धरले, तर ए बिंदू आडवा २ मिलिमीटर सरकल्याने कोनात जवळजवळ दोन अंशांचा फरक पडतो. सेफ वाचण्याच्या स्टायनर यांच्या १९५३ च्या पद्धतीत वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश, खालच्याचा ८० अंश आणि त्यांच्यातला फरक २ अंश हा सर्वसाधारण मानला जातो. या फरकावरूनच वरचा जबडा पुढे आहे की खालचा मागे, याची चर्चा सुरू होते. म्हणजे ‘यशस्वी’ ठरलेल्या बिंदूमुळेही रुग्ण एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊ शकतो. मॅडमना हे सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणूनच मी तक्ता शेवटी वाचते. आधी तुमचा चेहरा, मग चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, मग फिल्म.”

तक्त्यात आणखी एक गोष्ट होती, जी विचारल्याशिवाय दिसली नसती. प्रत्येक कोनापुढे ‘सामान्य’ आकडा आणि त्यापासूनचे अंतर रंगाने दाखवले होते. पण सामान्य कोणाचा? स्टायनर यांची प्रमाणके गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांवरून आलेली आहेत. आपल्याकडच्या ऑर्थोडॉन्टिस्टांनी भारतीय लोकसमूहांची वेगळी मोजमापे प्रसिद्ध केली आहेत आणि त्यांत पुढचे दात व ओठ किंचित पुढे असणे हे पुष्कळदा सामान्यच ठरते. सॉफ्टवेअरमध्ये लोकसमूह निवडायची सोय होती. ती आपणहून जिथे येऊन थांबते तो पर्याय आपला नव्हता. मॅडमनी तो बदलताच दोन लाल आकडे काळे झाले. माझ्या जबड्यात तेवढ्यात काहीच बदलले नव्हते.

त्याच सुमारास आमच्या खात्यातील एक सहकारी आपल्या मुलाला त्याच दवाखान्यात नेत होती आणि तिथे याच सेफचा दुसरा उपयोग पाहायला मिळाला. मुलांच्या बाबतीत जबड्याची वाढ किती उरली आहे हे कळणे फार महत्त्वाचे असते, कारण खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखे उपकरण वाढीच्या वेगवान काळातच चांगला गुण देते. सेफमध्ये मानेचे मणकेही येतात आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मणक्याच्या आकारावरून वाढीचा टप्पा ठरवण्याची सहा टप्प्यांची पद्धत आहे. हाताचा वेगळा एक्स-रे काढावा लागत नाही. प्रोग्रामने मुलाचा टप्पा तिसरा सांगितला. मॅडमना तो दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला वाटला. त्यांनी सहकारीला विचारले, की गेल्या वर्षात त्याची शाळेची पॅन्ट कितीदा आखूड झाली, आवाज फुटला का, वडिलांची उंची कोणत्या वयात वाढली होती. आणि उपकरण लगेच न लावता काही महिने उंचीची नोंद ठेवायला सांगितले. त्या सहकारीला हे फार जुनाट वाटले. मला नाही वाटले.

माझ्यासाठी तारांऐवजी अलाइनर, म्हणजे दातांवर एकामागून एक घालायचे प्लास्टिकचे ट्रे, ठरले होते. उपचाराचे नियोजन मेलवर चित्रफितीच्या रूपात आले. दाटीवाटीने उभे असलेले माझे दात पडद्यावर हळूहळू सरकतात, वळतात, आणि शेवटी एक निर्दोष कमान तयार होते. घरी सगळ्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, सासूबाई म्हणाल्या, “अगंबाई, असे होणार आहेत तुझे दात?” हा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. कारखान्यात ड्रॉइंगवर जे माप लिहिलेले असते त्याला आम्ही नॉमिनल म्हणतो. मशिनवरून उतरलेला जॉब तपासल्यावर जे मिळते ते प्रत्यक्ष माप, आणि दोन्हींचे रकाने वेगळे असतात. ही चित्रफीत ड्रॉइंग होती. ती पाहणाऱ्याला मात्र ते तपासणी अहवालासारखे वाटते, कारण ते हलते, त्यात आपलाच तुटका कोपरा असलेला दात ओळखू येतो आणि त्यावर टॉलरन्स कुठेही लिहिलेला नसतो.

टॉलरन्स मी शोधून काढला. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीचे इन्व्हिझलाइन हे अलाइनरच्या प्रकारातले सर्वांत जुने आणि सर्वाधिक अभ्यासले गेलेले उत्पादन. पडद्यावर ठरवलेल्या हालचालीपैकी तोंडात प्रत्यक्ष किती उतरते, हे क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजले तेव्हा सरासरी ४१ टक्के आले. २०२० मध्ये त्याच धर्तीवर पुन्हा मोजले तेव्हा ५० टक्के आले. सुधारणा आहेच, परंतु निम्मे म्हणजे निम्मे. याचा अर्थ उपचार निम्मेच यशस्वी होतात असा नाही. मध्येच पुन्हा स्कॅन करून नवी मालिका बनवतात आणि उरलेले अंतर कापतात. मी वापरलेले अलाइनर दुसऱ्या कंपनीचे होते, तिचे असे आकडे मला कोणी दिले नाहीत.

नियोजनाचा पहिला मसुदा प्रोग्राम तयार करतो, कंपनीचा तंत्रज्ञ त्यावर हात फिरवतो आणि मग तो डॉक्टरांकडे येतो. मॅडमनी माझा मसुदा परत पाठवला, तोही एकदाच नव्हे. खालच्या दाटीसाठी जागा करण्याचे मुख्य मार्ग तीन: एखादा दात काढणे, दातांच्या कडा किंचित घासणे किंवा कमान रुंद करून दात बाहेर कलवणे. प्रोग्रामने तिसरा मार्ग पसंत केला होता, कारण त्यात पडद्यावरचे गणित सर्वांत सहज सुटते. त्या पडद्यावर दातांची मुळेही दिसत होती, सुबक आणि हिरडीच्या आत नीट बसलेली. मॅडम म्हणाल्या, “ही मुळे तुमची नाहीत.” स्कॅनर दाताचा तोंडात दिसणारा भागच पाहतो; मुळे पुष्कळदा सरासरी आकाराची, अंदाजाने जोडलेली असतात. माझे हाड आधीच झिजलेले, त्यातही खालच्या पुढच्या बाजूला ते पातळ. म्हणून त्यांनी तेवढ्याच भागाचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे, काढून घेतला. त्यातून खरी मुळे आणि खरे हाड वेगळे काढण्याचे काम मात्र एआयने काही मिनिटांत केले. हे काम हाताने करायचे तर एकेका छेदावर कडा आखत बसावे लागते, त्यामुळे रोजच्या दवाखान्यात ते कोणी हाती घेत नसे. मला या सगळ्या प्रक्रियेत एआयचा सर्वांत निर्विवाद उपयोग इथे दिसला. खरी मुळे बसवल्यावर दिसले, की प्रोग्रामच्या मसुद्याप्रमाणे खालचे दोन मधले दात कलवले असते तर मुळे हाडाच्या बाहेरच्या कवचाला जाऊन टेकली असती. अखेर कमान थोडीच रुंद करायची, दातांच्या कडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत घासायच्या आणि वरच्या दाढा थोड्या मागे न्यायच्या, असे ठरले.

घरबसल्या माप पाठवा आणि अलाइनर मागवा, अशा जाहिराती मला सतत दिसत होत्या आणि खर्च तिथे स्वस्त होता, हेही खरे. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही असा धंदा करणारी सर्वांत गाजलेली कंपनी होती. ती डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा अर्धवट उपचारांतले रुग्ण तसेच राहिले. माझ्या प्रकृतीच्या रुग्णाला सीबीसीटीविना कलवलेले दात कुठे घेऊन गेले असते, याचा विचार मी त्या जाहिराती पाहताना करत असे.

अलाइनरचा प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवण्यासाठी बनवलेला असतो. प्रत्येक टप्प्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर काढून त्यावर तापवलेले प्लास्टिक बसवतात. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, तोही पाव मिलिमीटरच्या आसपासचाच. त्यावर दाब आला की दाबाच्या बाजूचे हाड पेशी खाऊन टाकतात आणि ताणाच्या बाजूला नवे हाड घालतात. ही गती कोणत्याही संगणकाने वाढवलेली नाही. दिवसाचे वीस ते बावीस तास ट्रे घालून ठेवायचा, खाताना काढायचा, दात घासून परत घालायचा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हात धुण्याच्या नळापाशी ब्रश घेऊन उभी राहणारी मी एकटीच असे.

दोन भेटींच्या मध्ये लक्ष ठेवण्याचे काम एका ॲपकडे होते. ओठ व गाल बाजूला धरणारा प्लास्टिकचा आकडा लावायचा, फोन एका डबीसारख्या धारकात बसवायचा आणि आठवड्यातून एकदा ट्रेसह व ट्रेविना छायाचित्रे काढायची. या पद्धतीत अग्रेसर असलेल्या फ्रान्समधील डेंटलमॉनिटरिंग या कंपनीच्या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. माझे ॲप तिचे नव्हते, तत्त्व तेच. छायाचित्रे पाहून प्रोग्राम सांगतो, की पुढचा ट्रे घाला किंवा हाच आणखी काही दिवस ठेवा. वरच्या डाव्या बाजूचा मधल्यालगतचा छोटा दात ट्रेमध्ये पूर्ण बसत नव्हता, हे त्याने पकडले. ट्रेची कड आणि दात यांच्यातली ती फट मला आरशात दिसत नव्हती, आणि भेटीला अजून बराच अवकाश होता. ट्रे पुढे न ढकलता रबरी गुंडाळी चावत तोच ट्रे ठेवायला सांगितले आणि दात मार्गावर आला. पूर्वीच्या पद्धतीत हे भेटीच्या दिवशी कळले असते आणि तोवरचे ट्रे वाया गेले असते.

उलट बाजूही होती. ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवलेले असतात. नाशिकमध्ये राहून रविवारची मिसळ सोडायची तयारी माझी नव्हती, त्यामुळे ते उंचवटे हळदीने पिवळसर झाले आणि ॲप दर आठवड्याला मला दात नीट घासण्याची ताकीद देऊ लागले. मॅडमनी पाहिले आणि तो इशारा बंद केला. याहून गंभीर गोष्ट त्याच्या दृष्टीआड होती: खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, हिरडी पुन्हा सुजली होती. छायाचित्रे समोरून आणि बाजूने घेतली जातात, आतून नाही. ठरलेल्या तपासणीत हिरड्यांच्या तज्ज्ञांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडीच्या आत घालून खोली मोजली आणि रक्त आले तेव्हा ते कळले. त्या आठवड्यातही ॲपचा निरोप हिरव्या रंगात ‘सर्व ठीक’ असाच होता.

पहिली मालिका संपल्यावर नवा स्कॅन झाला आणि मी ज्याची सर्वाधिक वाट पाहत होते तो टप्पा आला. प्रोग्रामने नवा स्कॅन नियोजनावर बसवून रंगीत नकाशा काढला: जिथे दात ठरल्याप्रमाणे पोचले तिथे हिरवा, जिथे अंतर उरले तिथे पिवळा ते लाल. असे नकाशे मी कामावर रोज पाहते. आमच्या तपासणी यंत्रावरही तुकड्याचा पृष्ठभाग ड्रॉइंगवर बसवून हाच रंगांचा खेळ होतो, आणि तिथे पहिला प्रश्न रंगाचा नसतो; दोन पृष्ठभाग एकमेकांवर कशाच्या आधारे बसवले, हा असतो. एखादी न बदलणारी कड किंवा छिद्र आधार म्हणून धरले, तर त्याला डेटम म्हणतात. तसे काही न धरता सगळ्या पृष्ठभागाचा मिळून उत्तम मेळ घातला, तर चूक सगळीकडे थोडी थोडी वाटली जाते आणि अहवाल असावा त्याहून हिरवा दिसतो. नवशिक्या तपासनीसाला आम्ही सर्वांत आधी हेच शिकवतो.

मी मॅडमना विचारले, “इथे डेटम कोणता?” जिथे सगळेच दात हलवले आहेत, तिथे दातांवरच दात बसवून काय कळणार? त्या थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. प्रोग्रामने उत्तम मेळच घातला होता. वरच्या जबड्यात एक आधार उपलब्ध असतो: टाळूवर, पुढच्या दातांच्या मागे, आडव्या वळ्या असतात आणि त्यांतली तिसरी वळी उपचारात बरीच स्थिर राहते असे मानतात. अलाइनर बनवण्यासाठी कंपनीला टाळूची गरज नसते, पण मॅडमनी जुन्या सवयीने दोन्ही वेळी टाळूही स्कॅन केला होता. त्यांनी वळ्यांवर आधारून नकाशा पुन्हा काढला. आधी हिरव्या दिसणाऱ्या वरच्या दाढा पिवळ्या झाल्या. जेवढ्या मागे जायच्या होत्या त्याच्या निम्म्याच गेल्या होत्या, आणि पुढचे दात त्या प्रमाणात बाहेर राहिले होते. निम्म्याच्या त्या आकड्याशी माझी गाठ अशी पडली. खालच्या जबड्यात मात्र तोंडाच्या स्कॅनमध्ये असा विश्वासार्ह आधार मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. तिथल्या रंगांवर किती विसंबायचे ते सेफ आणि चावा पाहून ठरवावे लागते.

दुसऱ्या मालिकेचे नियोजन या पिवळ्या नकाशावरून झाले. दाढा मागे नेण्यासाठी वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर बँड लावायचे ठरले. रबर बँडच्या पाकिटांवर आकार कळावा म्हणून प्राण्यांची चित्रे असतात. मला मिळाला तो कोल्हा. रबर बँड किती तास लावले याची विचारणाही ॲप करत असे, मात्र उत्तराची शहानिशा करण्याचा त्याच्याकडे काही मार्ग नव्हता.

याच टप्प्यावर मी सुरुवातीला सही केलेला संमतीचा कागद पुन्हा वाचला. माझी छायाचित्रे, एक्स-रे आणि स्कॅन कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि ‘सेवा सुधारण्यासाठी’ वापरले जातात, असे त्यात एका ओळीत होते. उपचारासाठीची संमती आणि प्रोग्राम शिकवण्यासाठीची संमती वेगळी देण्याची सोय नव्हती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात आवश्यक केली आहे, म्हणून मी सहकारीलाही तिच्या मुलाचा कागद वाचायला लावला. माझे चेहऱ्याचे फोटो वगळून नुसते स्कॅन वापरायला माझी हरकत नाही, असे मी लिहून दिले. नाशिकच्या तोंडांतून गेलेली माहिती त्या प्रोग्रामला मिळाली तर काढलेल्या दाढेचा क्रमांक तरी पुढच्या माणसाच्या बाबतीत बरोबर येईल, असा माझा व्यवहारी विचार होता.

दुसऱ्या मालिकेनंतर वरचे दात जवळजवळ ठरल्याप्रमाणे आले. खालचा डावा सुळा मात्र नियोजनापेक्षा काही अंश फिरलेला राहिला. गोलसर आकाराचा हा दात फिरवणे अलाइनरला फार जड जाते. प्रोग्रामने तिसऱ्या मालिकेचा प्रस्ताव आपणहून तयार ठेवला होता. मॅडमनी हिरड्यांच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून घेतले, त्या सुळ्याच्या बाहेरचे हाड किती पातळ आहे ते सीबीसीटीत पुन्हा पाहिले, आणि मला धागा घेऊन तिथे घालून दाखवायला सांगितले. धागा गेला, रक्त आले नाही. ज्यासाठी मी आले होते ते झाले होते, आणि आणखी काही अंशांसाठी त्या हाडावर जोर द्यायचा नाही, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतून बारीक तार चिकटवली, वरच्यांसाठी रात्रीचा रिटेनर दिला. कंपनीच्या प्रणालीत माझी फाइल अजूनही ‘अपूर्ण’ दिसते, कारण लक्ष्य गाठण्याआधी थांबलो तर त्याचे कारण लिहायला तिथे रकाना नाही. मॅडमनी ते केस पेपरवर पेनाने लिहून ठेवले आहे.